आधी फेलोशिप की आधी पुणे?

'काका, मी देवगड तालुक्यातली. दापोलीला कृषीची पदवी घेतली, टक्के साठाच्या बरेच वर आहेत. गेलं सव्वा वर्ष खतं-औषधांच्या एका कंपनीत फील्डवर काम करते. ऑगस्टमध्ये पंचविसावं पूर्ण होईल. मला सरकारात काम करायचंय हे नक्की आहे, कसं ते नक्की नाही. डोंबिवलीचे मामा म्हणतात, नोकरी सोड, पुण्याला जा, दोन वर्षं क्लास लाव आणि एमपीएससी काढ. मला मुख्यमंत्री फेलोशिपला अर्ज करावासा वाटतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वर्सभर करतलंस, आणि मगे? घराकच येतलंस मां?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचं तिसरंच, पंचवीस झाली, आता स्थळं बघूया. फेलोशिपमध्ये एक वर्ष वाया जाईल का? तिथून सरकारात कायम होता येतं का? आणि ती आमच्यासारख्या गावातल्या मुलींना मिळते का, की आयआयटीवाल्यांसाठीच असते?
– कातळावरची'

चि. कातळावरचीस,

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. होय, वर्षभरानं तू घरीच येशील. मुख्यमंत्री फेलोशिप म्हणजे तरुण पदवीधरांना सरकारी कचेऱ्यांत काम करायला घेणारी राज्य सरकारची योजना. ती बारा महिन्यांची असते, मुदत वाढवून मिळत नाही, आणि तिच्या जोरावर सरकारी नोकरीत हक्क सांगता येत नाही. 'एकदा आत शिरलं की चिकटतात' असं कुणी सांगितलं तर त्यानं कंत्राटी भरती आणि फेलोशिप यांचा घोळ घातलाय असं समज. कायम व्हायचं तर परीक्षा. दुसरी वाट नाही आणि नसावीही, असं माझं मत. माझी नोकरी महसूल खात्यात गेली. मागच्या दारानं आलेली माणसं टेबलावर बसली की त्या टेबलाचं काय होतं, ते मी पुरेसं पाहिलंय.

तरीही तू अर्ज करावास असं मी म्हणेन. मामांचा बेतही मोडीत काढू नकोस, फक्त त्याचा नंबर दुसरा लाव.

कारण वयाचं आहे. फेलोशिपला वय लागतं 21 ते 26. राज्यसेवेला खुल्या गटातूनसुद्धा 38 पर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना 43 पर्यंत. यूपीएससीला खुल्या गटाची मर्यादा 32 आहे. म्हणजे एक संधी वर्षा-दीड वर्षात कायमची हातची जाणार आहे आणि दुसरी तुझी पोरं शाळेत जायला लागली तरी शिल्लक असेल. जी आधी संपते ती आधी घ्यायची, यात फार मोठं शहाणपण नाही. त्यातून ही जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येईलच असंही नाही. 2015 मध्ये योजना सुरू झाली, पुढे सरकार बदललं आणि ती बंद पडली, 2023 मध्ये परत सुरू झाली. तेव्हा 'या वेळी नको, पुढच्या वेळी बघू' हे इथे चालत नाही.

पैशांचं सांगतो, बाबा विचारतील. 2023 मध्ये महिन्याला 70,000 आणि प्रवासाचे 5,000 मिळत. 2025-26 च्या तुकडीला 56,100 आणि 5,400, मिळून 61,500. कमी झाले, हे खरं. 56,100 हा आकडा मला जाहिरात वाचताक्षणी ओळखीचा वाटला, कारण उपजिल्हाधिकाऱ्याचं मूळ वेतन तिथूनच सुरू होतं. फेलोचा दर्जाही गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष धरतात. पण महागाई भत्ता नाही, पेन्शन नाही आणि सहीचा अधिकार नाही. पहिल्या दोन गोष्टींची कटकट तुला या वयात वाटणार नाही. तिसरीचं मात्र नीट समजून घे, त्याकडे मी परत येतो.

आता पुण्याचं. मामा तुझ्या भल्याचंच सांगतात, आणि त्या वाटेनं जाऊन अधिकारी झालेली मुलं आहेतच. पण पेठेतली अभ्यासिका, कॉट बेसिसची खोली, मेसचा डबा, यात दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलामुलींशी बोल. राज्यघटनेची कलमं त्यांना पाठ असतात, पंचायत राजच्या समित्या सनासकट सांगतात. पण ग्रामसभेचं इतिवृत्त कसं लिहितात, किंवा प्रशासकीय मान्यता झाली आणि तांत्रिक मान्यता अडकली म्हणून पाझर तलावाचे पैसे मार्चला परत कसे जातात, हे बघितलेलं नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, परीक्षा तेवढंच विचारते. माझं म्हणणं इतकंच की जे काम आयुष्यभर करायचं म्हणून घर सोडायचं, ते काम आपल्याला आवडतं का, हे न बघता ही मुलं वर्षं पणाला लावतात. परीक्षा निघाल्यावर तहसील कचेरीत पहिल्यांदा बसून 'हे असं असतं?' म्हणणारे परिविक्षाधीन अधिकारी मी बघितलेत. बाबांना फेलोशिपचं एक वर्ष जोखमीचं वाटतं. मला पुण्याची ती दोन वर्षं जास्त जोखमीची वाटतात.

त्यात आपण कोकणातले. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ पहिलं, ही आता बातमीसुद्धा राहिली नाही. पण माझ्या नोकरीत आपल्याकडच्या प्रांत कचेऱ्यांत, पंचायत समित्यांत अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बहुतेक वेळा घाटावरचा माणूस दिसायचा. चांगले असत, त्यातले काही फारच चांगले. आणि आपण सत्कार समारंभात काय करतो, तर चिंतामणराव देशमुखांचं नाव घेतो. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, 1918 मध्ये आयसीएसला पहिला आलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला माणूस. नाव घ्यावं असाच. पण शंभर वर्षांपूर्वीचा एकच माणूस आपण किती काळ पुरवायचा?

अधिकारी कुठला, यानं काय फरक पडतो असं तू विचारशील. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांचा गाभा त्यात आहे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, इकडे मंडणगड, दापोली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारनं मदत जाहीर केली, फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये. आधीच्या निकषापेक्षा ती खूपच जास्त होती आणि मुंबईत बसून ऐकताना भरघोस वाटावी अशीच होती. आता तू शेतीची पदवीधर आहेस, हिशोब कर. आपल्या किनाऱ्यावर वाडी हेक्टरात कोण मोजतं? गुंठ्यांत मोजतात. हेक्टरात 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये झाले. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. सात-बाऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी आणि मुंबईतले चुलते. पडलेले माड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. आणि नवीन माड लावला तरी तो फळायला वर्षं जातात.

लोकांनी ओरड केली, ती वर पोचली, आणि पुढे मदतीचं मोजमाप बदललं. नारळाला झाडामागे 250 रुपये, सुपारीला झाडामागे 50. त्याच पाच गुंठ्यांत वीस माड आणि शंभर पोफळी पडल्या असतील तर दहा हजार झाले. गेलेल्या बागेपुढे तेही काहीच नव्हेत, पण अडीच हजारांच्या चौपट. पंचनामा करणारे तेच, वाडी तीच. बदललं ते फक्त कशाच्या हिशोबानं मोजायचं ते.

आता हे बघ. हेक्टरी निकष कुणी दुष्टपणानं ठेवलेला नव्हता. शेत म्हटलं की एकरांत पसरलेलं एकाच पिकाचं रान, असं डोळ्यांपुढे असलेल्या माणसांनी तो बांधलेला होता. अशी चूक जिल्ह्यातून वर कळवायची तर काय लागतं? दोन-तीन गावांतल्या वाड्यांत जाऊन गुंठ्याला किती पोफळी असतात ते मोजायचं. सात-बारावर किती खातेदार आहेत ते बघायचं. नव्या निकषानं तिजोरीवर किती बोजा पडेल त्याचा अंदाज काढायचा. आणि हे सगळं एका पानाच्या टिपणीत मांडायचं, म्हणजे जिल्हाधिकारी ती सचिवांना पाठवू शकतील. काम अवघड नाही, हुशार कृषी पदवीधराचं पंधरवड्याचं काम. पण ते करायचं कुणी? तलाठी भाऊसाहेब रात्री बारापर्यंत पंचनाम्यात. तहसीलदार व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात पालकमंत्री. सरकारात अक्कल कमी असते असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. सरकारात मोकळा वेळ असलेलं माणूस नसतं.

फेलो म्हणजे ते मोकळं माणूस. सहीचा अधिकार नाही ही त्याची उणीव आहे आणि तीच त्याची सवडही. सही नाही म्हणून रोजच्या फायलींचा गठ्ठा तुझ्या टेबलावर येत नाही, सुनावण्या नाहीत, कोर्टाच्या तारखा नाहीत, बंदोबस्त नाही. एकाच प्रश्नाच्या मागे चार महिने लागायची मुभा जिल्ह्यात दुसऱ्या कुणालाही नसते, खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. ही मुभा वापरता आली तर वर्ष सोन्याचं. नाही वापरली तर बाबा म्हणतात ते खरं.

आणि न वापरता येण्याची शक्यता भरपूर आहे, हेही ऐक. नेमणूक कुठे मिळेल ते आपल्या हातात नसतं. 2025-26 मध्ये 60 फेलो दोघातिघांच्या गटानं निवडक 20 जिल्ह्यांत पाठवायची रचना होती. तुला सिंधुदुर्ग मागून मिळेल असं धरून चालू नकोस, नंदुरबार किंवा वाशीमला जायची तयारी ठेव. मी तर म्हणेन तेच बरं, स्वतःच्या तालुक्यात सगळे आपल्याला 'अमक्याची मुलगी' म्हणून ओळखतात. मग साहेब कसा मिळतो हा नशिबाचा भाग. काहींना फेलो म्हणजे फुकटचा पीपीटी बनवणारा वाटतो. मंत्र्यांची बैठक आली की स्लाइड, झाली की इतिवृत्त, मग पुढची बैठक. काहींना खरंच कौतुक असतं, तुला हाताशी घेऊन काम शिकवतात, आणि सहाव्या महिन्यात त्यांची बदली होते. नवीन साहेबाला तू कोण, कशासाठी, हे मुळापासून सांगायचं. मधे एखादी निवडणूक लागली तर आचारसंहितेत दोन महिने नवीन काहीच होत नाही.

आणखी वरचा धोका म्हणजे या योजना ज्यानं सुरू केल्या त्याच्या नावाशी बांधलेल्या असतात. आपल्याकडची मधे बंद पडली ते सांगितलंच. दिल्लीत 2023 च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं नेमलेले सुमारे 400 फेलो, सहायक फेलो आणि सल्लागार नायब राज्यपालांच्या मंजुरीनं कमी केले गेले. केंद्रानं 2012 मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलोशिप आणली, नक्षलग्रस्त जिल्ह्यांत तरुण मुलं पाठवली, आपलं गडचिरोली त्यात होतं. तीही योजना आता नाही. तेव्हा एका वर्षाच्या पलीकडचा कुठलाही बेत या योजनेच्या भरवशावर आखू नकोस.

निवड झालीच तर कचेरीतल्या पहिल्या महिन्याबद्दल दोन शब्द, कारण ते तुला आयआयटीच्या वर्गात कुणी सांगणार नाही. (फेलोशिपबरोबर आयआयटी मुंबईचा पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही असतो. चांगला आहे, मन लावून कर.) ज्या शाखेत बसशील तिथला अव्वल कारकून वीस वर्षं त्या टेबलावर घासलेला असेल. त्याच्या डोळ्यांसमोर पंचविशीतली पोर एकसष्ट हजारांवर येऊन बसते आणि चौथ्या दिवशी त्याला डॅशबोर्डचं महत्त्व सांगते. तो तोंडावर काही बोलणार नाही. फक्त तुला हवी असलेली नस्ती, म्हणजे फाइल, कपाटात सापडणार नाही, कधीच. त्यापेक्षा आधी त्याच्याकडे शिकायला बस. आवक-जावक कशी चालते, एखादं पत्र पृष्ठांकन होऊन, म्हणजे पुढच्या कचेरीसाठी शेरा पडून, खाली उतरतं म्हणजे नेमकं कुठे जाऊन थांबतं, त्रुटी काढून फाइल परत पाठवणं ही कधी दक्षता असते आणि कधी टाळाटाळ. एखाद्या बंद झालेल्या कामाची नस्ती माग आणि टिपणी भाग पहिल्या पानापासून वाच, वरच्या माणसांचे शेरे वाच. कोण कशाला घाबरलं होतं ते ओळीओळीतून कळतं. सरकारी कारभारातला निम्मा उशीर लेखापरीक्षणाच्या भीतीतून येतो, आणि ती भीती खोटी नसते. दहा वर्षांनी निघालेल्या वसुलीत निवृत्त माणसाचं पेन्शन अडकलेलं मी बघितलंय. हे कळल्याशिवाय 'सिस्टीम सुधारायची' भाषा करणाऱ्या मुलांचा मला राग येतो, माफ कर.

काम एकच निवड आणि छोटं निवड. जिल्ह्याचं पर्यटन धोरण वगैरे लिहीत बसू नकोस, त्याचे अहवाल कपाटात आधीच आहेत. तू गेल्यावरही चालू राहील असं काहीतरी कर, एखादा नमुना अर्ज, एखादी तपासणी यादी, एका योजनेच्या लाभार्थ्यांची दुरुस्त केलेली यादी. बारा महिन्यांतले पहिले दोन ओळखीत जातात आणि फेब्रुवारी-मार्च खर्चाच्या घाईत, तेव्हा हातात आठच महिने आहेत असं समजून चाल.

आता गावातल्या मुलीला ती मिळते का हा प्रश्न. किमान 60 टक्क्यांची पदवी, एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान आणि संगणक, एवढी पात्रता आहे. ती तुझ्याकडे आहे. एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अर्जाची फी 500 रुपये. आधी ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा, तिच्यातून 210 जण पुढे, मग निबंध आणि मुंबईत मुलाखत. आयआयटी, लॉ स्कूल, मोठ्या सल्लागार कंपन्या सोडून आलेली मुलं त्यात असतात, नाही म्हणत नाही. पहिल्या परीक्षेत त्यांचं पारडं जड असतं. तर्कबुद्धी, गणित, इंग्रजी यांचा सराव त्यांच्या अंगवळणी पडलेला. तुला त्यासाठी तीन महिने रोज पहाटे तास-दीड तास बसावं लागेल. नोकरी सोडायची गरज नाही, सोडूही नकोस.

पण निबंध आणि मुलाखत ही तुझी जागा आहे. तिथे 'भारतीय शेतीपुढील आव्हानं' असलं काही लिहून ये म्हणजे गेलीस. तू रोज बागायतदारांच्या पडवीत बसतेस. फळपीक विम्याचा विषय निघत नाही असा दिवस जात नसेल. या विम्यात झाडावर आंबा किती राहिला हे कुणी मोजत नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र किती तापमान, किती पाऊस, किती वारा नोंदवतं त्यावर भरपाई ठरते. कातळावरची बाग, खाडीकाठची बाग आणि डोंगरउतारावरची बाग एकाच मंडळात आणि केंद्र भलतीकडेच. कातळ एप्रिलात किती तापतो ते तुला सांगायला नको, टोपणनावच तसं घेतलंयस. ज्या बागेत फळ भाजून गळलं तिथल्या माणसाला 'केंद्रावर तापमान तेवढं नव्हतं' असं उत्तर मिळतं. मंडळात आणखी केंद्रं बसवायची का, खर्च कुणी करायचा, केंद्राच्या जागेची तपासणी करताना गावातलं कुणी हजर असावं का, विमा कंपनीचं यावर म्हणणं काय असेल आणि त्यात तथ्य किती, असं दोन्ही बाजूंनी लिही. नुसती तक्रार लिहू नकोस. तक्रार करणारे मुलाखत घेणाऱ्यांना रोज भेटतात.

आणखी विषय हवे असतील तर आपल्याकडे तोटा नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडून मे महिन्यात वाड्यांना टँकर. आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर जमिनी, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींचा जुना प्रश्न. मासेमारीत यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी विरुद्ध किनाऱ्यावरून ओढायची पारंपरिक रापण. यातला कुठलाही एक विषय आधी तलाठी, ग्रामसेवक, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन अशा चार माणसांशी बोलून समजून घेतलास, तर मुलाखतीत आयआयटीवाल्याच्या शेजारी बसायला तुला कसलाच संकोच वाटणार नाही.

नाही झाली निवड, तर जग बुडत नाही. दिल्लीत पीआरएस नावाची संस्था 2010 पासून लॅम्प फेलोशिप चालवते, एका खासदाराबरोबर संसदेचं काम करायचं. पण तिला वयाची अट आणखी कडक, 25 च्या आतली, आणि इंग्रजी पक्कं हवं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, ग्रामीण विकासाचं शिक्षण तिथे उत्तम मिळतं. आणि एमपीएससीत तुला राज्यसेवेखेरीज कृषी सेवाही आहे, तुझ्या पदवीवर मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी होता येतं. मामांच्या यादीत हे बहुधा नसेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा निबंधासाठी केलेली मेहनत तिथेही कामी येईल.

आईचं मात्र मी काय सांगू? स्थळं बघायला हरकत नाही म्हणावं, पण बघायला येणाऱ्यांना आधीच सांगावं की मुलगी कदाचित वर्षभर परजिल्ह्यात असेल आणि नंतर परीक्षा देईल. यावर जे उठून जातील ते गेलेलेच बरे.

बाबांना तू असं सांग. वर्षभरानं घरी येईन तेव्हा मी साधारण सव्वीस-सत्तावीसची असेन, राज्यसेवेला निदान अकरा वर्षं हातात असतील, आणि पुण्याचा खर्च तुमच्या आंब्याच्या कलमांवर टाकणार नाही, महिन्याला वीस-पंचवीस हजार बाजूला टाकून स्वतःचा आणेन. कलमांचं उत्पन्न कसं कमीजास्त होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? हे त्यांना पटेल. नाही पटलं तर मला कळव, देवगडात माझ्या ओळखीचे एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, त्यांना घरी चहाला पाठवतो.

आणि जाहिरातीची वाट बघत बसू नकोस, एक काम याच आठवड्यात कर. कंपनीकडून अनुभवाचं पत्र घे. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, रुजू झाल्याची तारीख आणि 'पूर्णवेळ' असा स्पष्ट उल्लेख असलेलं. नोकरीत असताना एचआर हे दोन दिवसांत देतं. राजीनाम्यानंतर मागायला गेलीस तर महिनाभर फोन उचलत नाहीत.